माटुंग्याची पत्रिका: एक वस्ती अशी का घडली, आणि आता का बदलतेय

माटुंग्याच्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी इमारत पत्र्यांआड गेलेली दिसते. पत्र्यावर बिल्डरचा फलक, फलकावर हिरवळ आणि हसणारं चौकोनी कुटुंब, आत पोकलेनची घरघर. समोरच्या गॅलरीतले आजोबा पेपर मांडीवर ठेवून म्हणतात, "आता माटुंगा पूर्वीचा राहिला नाही." संध्याकाळी सोसायटीच्या बैठकीत त्यांचाच मुलगा विचारतो, "आपली फाईल कुठवर आली?"

एकाच घरातली ही दोन वाक्यं, आणि मला दोन्ही पटतात. पण 'पूर्वीचा माटुंगा' म्हणजे नेमकं काय? बहुतेकजण सांगतात ते वासांचं आणि आवाजांचं असतं. दळलेल्या कॉफीचा वास, देवळाबाहेर मोगरा, पारशी कॉलनीतली झाडांची सावली, दुकानात कच्छी, फुलवालीकडे तमिळ, कॉलेजच्या कट्ट्यावर मराठी. मग पुढचं वाक्य येतंच, "सगळे कसे गुण्यागोविंदानं राहायचे."

ही हवा आपोआप आलेली नाही, एवढंच मला सांगायचं आहे. एक साथ आली, एका सरकारी संस्थेनं जमीन भाडेपट्ट्यानं दिली, उजेडाचा एक नियम झाला, भाड्याचा एक कायदा झाला. या चार कागदांनी माटुंग्याची पत्रिका मांडली. पाचवा कागद आता टेबलावर आहे, त्याचं नाव पुनर्विकास.

## आधी कुठला माटुंगा ते ठरवू

मध्य रेल्वेच्या पूर्वेला, दादर टीटीपासून किंग्ज सर्कलपर्यंतचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. तिला साठ वर्षं होऊन गेली, तरी टॅक्सीवाल्याला 'खोदादाद सर्कल' सांगितलं तर तो विचारतो, "टीटी क्या?"

टीटीवरून आंबेडकर रस्त्यानं उत्तरेकडे निघालात की डाव्या हाताला हिंदू कॉलनी, उजवीकडे पारशी कॉलनी आणि तिच्यापुढे पाच उद्यानं. थोडं पुढे डावीकडे रुईया आणि पोदार ही कॉलेजं, मग माटुंगा बाजार आणि देवळं. शेवटी किंग्ज सर्कलची गोल बाग, जिचं पाटीवरचं नाव महेश्वरी उद्यान. रमतगमत गेलं तरी पाऊण तास पुरे. एवढ्या चालण्यात रस्त्यांची नावं वाचत गेलात तरी वस्तीचा अंदाज येतो. भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर, चंदावरकर, लेडी जहांगीर, फिर्दोसी.

याच नावाचा आणखी एक माटुंगा रुळांपलीकडे, धारावीला लागून आहे. त्याच्याकडे नंतर येऊ. 'माटुंगा' म्हटल्यावर तो आपल्याला आधी आठवत नाही, याचंही कारण याच पत्रिकेत आहे.

## साथ नसती तर भाताची खाचरंच असती

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लोक मिळेल त्या गाडीनं शहर सोडून पळाले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २१ हजार होती, ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढणंच ठाऊक असलेलं हे शहर दहा वर्षांत आक्रसलं. पुण्यात याच साथीत घराघरांत शिरून झालेली झडती आणि त्यानंतर रँडचा वध, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. मुंबईत याच साथीतून शहररचनेचा एक वेगळा प्रयोग निघाला.

उंदीर आणि पिसू यांचा संबंध तेव्हा सर्वमान्य झालेला नव्हता. साहेबाच्या मते दोष कोंदट हवेचा आणि अंधाऱ्या खोल्यांचा होता. निदान अर्धवट होतं, पण मांडवी-भुलेश्वरच्या चाळींत माणसं श्वास घ्यायलाही महाग होती, हे खोटं नव्हतं. १८९८ मध्ये कायदा करून 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' नेमला गेला. आजच्या भाषेत सांगायचं तर शहर सुधारायला नेमलेलं स्वतंत्र प्राधिकरण. त्याला सक्तीनं जमीन घेण्याचे अधिकार होते आणि लोकांनी निवडून दिलेल्या नगरसेवकांचं त्याच्यावर फारसं चालत नव्हतं.

ट्रस्टनं दोन कामं हातात घेतली. जुन्या शहराला चिरून हवेसाठी रुंद रस्ते काढले. मोहम्मद अली रोड, सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे त्यातलेच. आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नव्या वस्त्या आखल्या. माटुंगा तेव्हा शेतं, माडांच्या वाड्या आणि लहान पाडे असा होता. पहिल्या कामात हजारोंची घरं गेली. पण त्यातले फार थोडे नव्या वस्तीत आले, कारण बंदरावर हमाली करणाऱ्याला माटुंगा परवडणारही नव्हता आणि रोज जाण्यायेण्याजोगाही नव्हता. वस्ती ज्यांच्या नावानं आखली ते वेगळे आणि तिथे राहायला आले ते वेगळे. हे आजच्या पुनर्वसन प्रकल्पांतही पाचवीला पुजलेलं आहे.

या योजनांना क्रमांक होते. शीवमध्ये आजही पत्त्यात 'स्कीम नं. ६' लिहिलेलं आढळतं. ती स्कीम बिल्डरची नाही, या ट्रस्टची आहे.

## भाडेपट्टा: घर तुझं, जमीन माझी

ट्रस्टनं जमिनी विकल्या नाहीत, भाडेपट्ट्यानं दिल्या. समजा गावाकडच्या काकांनी तुम्हाला परड्यातली जागा दिली आणि म्हणाले, "घर बांध, पोराबाळांसकट राहा. जमीन मात्र आमच्याच नावावर. आणि हो, मागं गोठा घालायचा नाही, विहिरीच्या बाजूला भिंत चढवायची नाही." भाडेपट्टा म्हणजे हेच, मुदत घालून आणि सही-शिक्क्यानिशी. काही पट्टे ९९ वर्षांचे, काही ९९९ वर्षांचे. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि काकांच्या जागी पालिका आली.

यातला पैशाचा भाग मोठा नव्हता, अटींचा होता. किती जागेवर बांधायचं, किती मजले चढवायचे, कडेला किती मोकळं सोडायचं, दुकान काढायचं की नाही, सगळं पट्ट्यात. म्हणून या भागातल्या जुन्या इमारती एका उंचीच्या, एका रेषेत, गेटाच्या आत हातभर बागेसह उभ्या दिसतात. ती लोकांची सौंदर्यदृष्टी नव्हती, अट होती.

त्यातली एक अट मला फार आवडते. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास 'साडेत्रेसष्ट अंशांचा नियम' मांडला. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. तुमच्या भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघायचं. मान वर करण्याचा तो कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, नाहीतर तळमजल्याला आकाश दिसणार नाही. शाळेतलं त्रिकोणमितीचं कोष्टक काढलंत तर या कोनाचा टॅन जवळपास २ येतो. म्हणजे हिशेब सोपा झाला. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा मधे मोकळी हवी.

मी एकदा हे पावलांनी मोजून पाहिलं. पाच उद्यानांजवळच्या एका गल्लीत दोन जुन्या इमारती, तळमजला अधिक दोन, अंदाजे चाळीस फूट उंच. मधल्या बोळात आठ पावलं भरली. माझं पाऊल अडीच फुटांचं, म्हणजे वीस फूट. दुपारचे दोन वाजले होते आणि तळमजल्यावरच्या बाई खिडकीत बसून दिवा न लावता तांदूळ निवडत होत्या.

## मग वस्त्या जातीधर्मानं वेगळ्या का झाल्या?

ट्रस्टनं कुठेही 'इथे फक्त अमुक' असं सरसकट ठरवलं नव्हतं. पण जागा घ्यायला एकटा माणूस बिचकत होता. गावाबाहेरची जमीन, रात्री कोल्हेकुई, पट्टा घेतला की ठरल्या मुदतीत बांधलंच पाहिजे. म्हणून लोक गटानं पुढे आले, आणि त्या काळी गट म्हणजे बहुधा जात किंवा पंथ.

पारशी कॉलनीची गोष्ट यात ठळक आहे. मंचेरजी जोशी नावाच्या अभियंत्यानं ट्रस्टकडून बेताच्या उत्पन्नाच्या पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. घरं उभी राहण्याआधी त्यांनी रस्त्यांच्या कडेनं झाडं लावून घेतली, तीही गल्लीगणिक वेगळी. जाम-ए-जमशेद रस्त्यावर अशोक, फिर्दोसी रस्त्यावर महोगनी. मुंबईतल्या इतर पारशी बागांना फाटकं आणि कुंपणं असतात. ही वसाहत बिनभिंतीची आहे. शेजारच्या पाच उद्यानांना जोशींचंच नाव दिलं आहे.

सारस्वतांनी वेगळा मार्ग शोधला होता. १९१५ मध्ये गावदेवीला 'सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' उभी राहिली, मागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. कल्पना भिशीसारखी. एकट्याच्या खिशात घर बसत नाही, पण चाळीसजणांनी मिळून जमीन घेतली, कर्ज उचललं आणि हप्ते फेडले तर बसतं. आता, भिशी तुम्ही कोणाबरोबर लावता? ज्याच्या लग्नामुंजीला जाता त्याच्याबरोबर. गृहनिर्माण सोसायटी ही संस्था आपल्याकडे विश्वासाच्या या वर्तुळातून जन्मली आणि ते वर्तुळ जातीचं होतं.

दक्षिणेकडच्या लोकांचं निराळंच. रेल्वे, बँका, विमा कंपन्या, गोऱ्या पेढ्या यांना इंग्रजी लिहिणारे, टायपिंग आणि शॉर्टहँड येणारे कारकून हवे होते. मद्रास इलाख्यातून असे तरुण येऊ लागले. पहिला आला त्यानं माटुंग्यात खोली घेतली, कारण स्टेशन जवळ आणि घरं नवी. दुसरा त्याच्याकडे उतरला. तिसऱ्यासाठी कॉफीचं दुकान निघालं, चौथ्यासाठी देऊळ, आणि बायकामुलं आल्यावर शाळा. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ ची, म्हैसूर असोसिएशन त्याआधीची, १९२६ ची. एकट्या पुरुषांच्या जेवणाची सोय म्हणून खाणावळी आल्या. रामा नायक यांचं स्टेशनसमोरचं बोर्डिंग १९४२ चं, त्यांचं केळीच्या पानावरचं जेवण आजही रांग लावून घ्यावं लागतं.

मुंबईकरानं या सगळ्यांना एकाच 'मद्रासी' पाटीखाली बसवलं. प्रत्यक्षात पालघाटचे अय्यर, उडुपीचे हॉटेलवाले, कोकणी बोलणारे गौड सारस्वत आणि तेलुगू कुटुंबं यांच्यात सांबाराच्या चवीवरूनही एकमत नव्हतं. पुढे मांडवी आणि दाणाबंदरच्या कच्छी व्यापाऱ्यांनी जुन्या शहरातून इकडे बिऱ्हाडं हलवली, देरासरं म्हणजे जैन मंदिरं उभी राहिली. फाळणीनंतर पंजाबी निर्वासित शीव-कोळीवाड्याला आले, तेच आजचं गुरु तेग बहादूर नगर.

## "मराठी माणूस कुठे होता?"

हा प्रश्न हमखास येतो. होता की. हिंदू कॉलनीत मराठी मध्यमवर्ग भरलेला होता, शिक्षक, वकील, सरकारी नोकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथेच १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला 'राजगृह' बांधलं, मुख्यतः ग्रंथ ठेवायला. ज्यांना पूर्वास्पृश्य म्हणून भाड्यानं खोली मिळणं मुश्कील झालं असतं, त्यांनी या वस्तीत स्वतःचं घर बांधलं. कागदावर जात न लिहिलेल्या पट्ट्याचा हा एक उपयोग.

शिवाय इथली शिक्षणसंस्थांची दाटी विसरून चालणार नाही. व्हीजेटीआय १९२३ मध्ये भायखळ्याहून इथे आली, रुईया आणि खालसा १९३७, पोदार १९४१, रासायनिक तंत्रज्ञानाची यूडीसीटी (आजची आयसीटी) १९४३ पासून इथे. एका चौरस मैलात इतकी कॉलेजं आल्यामुळे वस्तीचं वय कायम अठरा-वीस राहिलं. गिरगावातून, परळमधून, ठाण्याहून आलेली मराठी मुलं माटुंग्यात राहत नव्हती, पण त्यांचं तरुणपण इथलंच होतं. मीही त्यांतलाच, म्हणून माटुंग्याबद्दल बोलायचा हक्क सांगतो.

## ब्लॉक, संडास आणि मागचा जिना

चाळीत संडास मजल्याच्या टोकाला असे. माटुंग्यात नवीन प्रकार आला, तो म्हणजे 'ब्लॉक'. स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, सगळं एका दाराच्या आत. आज यात विशेष वाटत नाही, पण सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांना संडास घरात घेणं म्हणजे धर्मसंकट होतं. तोडगा असा निघाला की संडास अगदी मागच्या टोकाला, मधे बाल्कनी किंवा बोळ.

आणि मागच्या भिंतीला लोखंडी गोल जिना. जुन्या इमारतीच्या मागच्या अंगणात गेलात तर तो अजून दिसतो, गंजलेला, वेलीनं वेढलेला, फोटो काढावा असा. तो कशासाठी होता? संडास साफ करणाऱ्या माणसानं पुढच्या जिन्यानं येऊ नये, घरातून जाऊ नये म्हणून. आधुनिक आर. सी. सी. इमारत, आर्ट डेको या वास्तुशैलीतली गोलाईदार गॅलरी, आत वाहतं पाणी आणि पाठीला जातिव्यवस्थेचा जिना. माटुंग्यावरचा एवढा प्रामाणिक दस्तऐवज मी दुसरा पाहिला नाही.

त्या जिन्यानं येणारा माणूस राहत कुठे होता? इथे तो दुसरा माटुंगा येतो. रुळांपलीकडे १९१५ पासून रेल्वेचं मोठं वर्कशॉप आणि त्याच्याही पुढे धारावीला चिकटून माटुंगा लेबर कॅम्प. दलित आणि कष्टकरी कुटुंबांची ही वस्ती, तमाशा-पोवाड्यांची आणि लाल बावट्याची. अण्णा भाऊ साठे तिथे राहिले. त्या वस्तीला साडेत्रेसष्ट अंशांचं संरक्षण नव्हतं.

## "मग ही विविधता की नुसते कप्पे?"

प्रामाणिक उत्तर, बरेचसे कप्पे. माटुंगा ही मिसळ नाही, ते पंगतीचं ताट आहे. चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, आमटीला वाटी. पदार्थ एकमेकांत कालवत नाहीत, पण जेवण एकाच ताटात होतं.

कप्प्यांना कायद्याचाही आधार आहे. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये म्हटलं की सहकारी सोसायटी आपल्या उपविधींत, म्हणजे अंतर्गत नियमांत, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. आजही घर बघायला गेलेल्या माणसाला 'खाणंपिणं' विचारलं जातं तेव्हा प्रश्न स्वयंपाकाचा नसतो, हे आपल्याला कळतं. आणि गुण्यागोविंदाचं म्हणाल तर १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'दाक्षिणात्य हटाव'च्या घोषणांत उडुपी हॉटेलांवर दगड पडले, तेही याच शहरात.

तरी ताट एक होतं ते कशामुळे? रस्त्यामुळे. घरं कप्प्यांत होती, पण बाजार, बाग, स्टेशन, कॉलेज आणि हॉटेल यांत कप्पे करायला जागाच नव्हती. पाच उद्यानांत पारशी म्हातारे एका बाकावर आणि शेजारी व्हीजेटीआयची मुलं प्रेमात. किंग्ज सर्कलला गौड सारस्वतांचा गणपती १९५५ पासून बसतो. दागिने इतके की २०२४ मध्ये उत्सवाचा विमा चारशे कोटींच्या वर काढला होता. दर्शनाच्या रांगेत मात्र अख्खी मुंबई. षण्मुखानंद सभागृहात १९६३ पासून कर्नाटक संगीत चालतं, तसे मराठी कार्यक्रमही होतात.

माटुंगा बाजारात सकाळी सातला देवळाशेजारी उभं राहा. फुलवाली अबोली-मोगऱ्याची वेणी फुटपट्टीनं मोजत नाही. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत एक माप, तमिळमध्ये त्याला मुळम म्हणतात. गुजराती बाई म्हणाल्या, "दोन दे." फुलवालीनं दोन मापं घेतली. तिच्यानंतर आलेल्या नऊवारीतल्या आजी म्हणाल्या, "तुझा हात आखूड आहे, त्या तुझ्या सासूचा बरा होता." फुलवालीनं हसून चार बोटं जास्त दिली. हे संभाषण दोन सोसायट्यांच्या उपविधींत बसणार नाही.

## गोठलेलं भाडं: वस्ती टिकवणारा शीतकपाट

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला घरमालकानं लुबाडू नये, हा हेतू. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढी घेत अर्धशतक चालला. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली, पण मूळ आकडाच इतका छोटा की वाढ चहापाण्याइतकीच.

यातून 'पागडी' रुजली. भाडेकरू सुरुवातीला मोठी रक्कम देतो, मग नाममात्र भाडं भरत पिढ्यान्‌पिढ्या राहतो. जागा दुसऱ्याला देताना मिळालेल्या पैशातला ठरलेला हिस्सा मालकाला. धड मालक नाही, धड भाडेकरू नाही.

परिणाम दुधारी झाला. बँकेतला निवृत्त कारकून, विधवा आत्या, शाळामास्तर, देवळातला पुजारी हे सगळे शहराच्या मधोमध राहू शकले, कारण त्यांचं भाडं महिन्याच्या दूधबिलापेक्षा कमी होतं. बाजारभाव चालला असता तर हे लोक सत्तरच्या दशकातच डोंबिवली गाठते. म्हणजे आपण ज्याला माटुंग्याची संस्कृती म्हणतो ती बऱ्याच अंशी या गोठलेल्या भाड्यावर टिकली. पण त्याच भाड्यात मालक गच्ची का म्हणून दुरुस्त करेल? इमारती गळू लागल्या. पडू लागल्या तेव्हा सरकारनं १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ काढलं आणि भाडेकरूंच्या इमारतींवर उपकर बसवला. उपकर म्हणजे सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि त्यातून टेकू लावायचे. 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द इथूनच आला. टेकू लावून इमारत किती वर्षं उभी राहील, हे मात्र कोणत्याच कायद्याला सांगता आलं नाही.

## एफएसआय आणि पाचवा कागद

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाएवढी एक सतरंजी घ्या. एफएसआय १ म्हणजे एवढी एकच सतरंजी अंथरायची, एफएसआय ३ म्हणजे तीन. तुम्ही त्या आख्ख्या अंथरून तीन मजले करा किंवा तुकडे करून बारा मजले चढवा.

उपकरप्राप्त इमारतींसाठी विकास नियमावलीत ३३ (७) हे कलम आहे. ५१ टक्के रहिवाशांची संमती मिळवायची, जुन्या भाडेकरूंना फुकट आणि मालकीची नवी घरं द्यायची, बदल्यात बिल्डरला विकायला जादा सतरंज्या मिळतात. सरकारच्या तिजोरीतून काही जात नाही. नव्या घरांचा खर्च निघतो तो वरच्या मजल्यांवर येणाऱ्या ग्राहकाच्या खिशातून. म्हणून वरचे मजले महागच असावे लागतात. ती हाव असेलही, पण आधी ते गणित आहे.

"मग वारसा म्हणून जपा ना," असं बाहेरून सांगणं सोपं. २०१२ मध्ये पालिकेच्या वारसा यादीत दादर-माटुंग्याचा हा भाग घेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा रहिवाशांतूनच मोठा विरोध झाला. मला त्यांचा राग येत नाही. ज्याच्या स्वयंपाकघरात छताचा गिलावा पडतो त्याला आर्ट डेकोचं कौतुक सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर गुडघे गेलेली बाई दोन-दोन महिने खाली उतरत नाही, हे मी नात्यात पाहिलं आहे. ती मागते ती लिफ्ट चैन नाही.

पण बदलतंय काय, तेही बघा. पहिलं, येणाऱ्याची साखळी तुटली. पालघाटहून नव्यानं आलेला मुलगा आता माटुंग्यात उतरत नाही, चेंबूर, मुलुंड किंवा नवी मुंबईत घर बघतो. इथे येतो तो कॉफी प्यायला, रविवारी. दुसरं, देखभाल खर्च. घर फुकट मिळालं तरी लिफ्ट, पंप, पहारेकरी, पोहण्याचा तलाव यांचा महिन्याचा आकडा पेन्शनवाल्याला झेपत नाही, आणि तो घर विकून विरारला जातो. कायद्यानं त्याला काढलेलं नसतं. तिसरं, जमीन. जुन्या इमारतीचा तळमजला रस्त्याशी बोलत होता, खिडकीतून भाजीवाल्याला हाक जायची. नव्या इमारतीचे खालचे चार-सहा मजले गाड्यांचे. माणूस सुरू होतो तो झाडाच्या शेंड्याच्या वर.

गंमत अशी की नव्या टॉवरमध्ये कप्पे कमी आहेत. एकाच मजल्यावर जैन, पंजाबी, तमिळ आणि मराठी शेजारी असतात, कारण परवडणं हीच आता जात. ताटातले कप्पे मोडले, पण ताट उचलून वर नेलं.

परवा त्या मोजलेल्या बोळाकडे पुन्हा गेलो. एक इमारत आहे तशी, दुसरीच्या जागी बावीस मजले. सवयीनं भिंतीपासून पावलं टाकायला लागलो. एक, दोन, तीन. चौथ्याला पहारेकरी आला.

"किसके यहाँ जाना है?"

म्हटलं, कुणाकडेच नाही, मोजतोय.

"क्या?"

काय सांगणार त्याला. जुन्या इमारतीच्या तळमजल्याकडे पाहिलं. खिडकी उघडी होती. दुपारचे दोन वाजले होते आणि आत ट्यूबलाइट चालू होती.